इंग्रजांच्या वखारीत काय तयार होत असे? : ‘फॅक्टरी’ या शब्दाची सुरतेपासूनची वाटचाल

एका विवाहाच्या निमित्ताने आम्हांस नुकताच सुरतेस जाण्याचा योग आला. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून स्थायिक आहेत. तापीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, नवापूर मागे टाकत ही माणसे सुरतेच्या मागांवर आली आणि तेथलीच झाली. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तेथील आजोबा आम्हांस सुरतेचा जुना किल्ला दाखवून परत आणत असता सहज म्हणाले, “इंग्रजांनी पहिली वखार काढली ती याच गावात.” बरोबर त्यांचा नातू होता. तो इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याने विचारले, “काका, वखार म्हणजे काय? आमच्या पुस्तकात फॅक्टरी लिहिले आहे. त्या फॅक्टरीत काय बनत असे? कापड?”

आजोबा हसले आणि म्हणाले, “अरे, लाकडाची वखार असते ना, तशी.” त्यावर मुलगा अधिकच गोंधळला. इंग्रज सात समुद्र ओलांडून सुरतेस लाकूड विकण्यास कशाला आले असतील, हा त्याचा प्रश्न रास्त होता. शेजारी बसलेल्या एका गुजराती गृहस्थांनी सांगितले की, त्यांच्या शाळेत या स्थळास ‘कोठी’ म्हणत. एकाच इमारतीसाठी एकाच खोलीत तीन शब्द जमले होते, आणि ज्याच्यासाठी ते उच्चारले गेले त्या मुलास त्यांपैकी एकानेही अर्थबोध होत नव्हता.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. इंग्रजांच्या सुरतेतील फॅक्टरीत काहीही तयार होत नसे. परंतु मग तिला फॅक्टरी का म्हणत, आणि आज ज्यास आपण फॅक्टरी म्हणतो ते त्या शब्दात केव्हा व कसे शिरले, हे सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

करणारा, म्हणजे दुसऱ्यासाठी करणारा

लॅटिन भाषेत ‘फाकेरे’ म्हणजे करणे, घडविणे. त्यापासून ‘फाक्तोर’ म्हणजे करणारा. मध्ययुगीन युरोपात व्यापाऱ्यांच्या बोलण्यात या शब्दास विशेष अर्थ आला. जो आपल्या धन्याच्या वतीने परगावी राहून खरेदी-विक्री करतो, हिशेब ठेवतो, माल पाठवितो, तो फॅक्टर. आपल्याकडील पेढीचा गुमास्ता किंवा बाजारातील आडत्या यांच्या जवळचा हा माणूस. ‘गुमास्ता’ हा मूळ फारसी शब्दही नेमलेला, कामावर सोपविलेला अशाच अर्थाचा आहे.

फॅक्टर जेथे राहतो, जेथे त्याचा माल साठतो आणि जेथे त्याच्या वह्या असतात ते ठिकाण म्हणजे फॅक्टरी. पोर्तुगीज भाषेत फॅक्टरला ‘फैतोर’ व त्याच्या ठाण्यास ‘फैतोरिया’ म्हणत. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि पुढे १५०० साली कालिकतला पोर्तुगीजांनी असे ठाणे घातले. कालिकतचे ते ठाणे त्याच वर्षी स्थानिक संघर्षात उद्ध्वस्त झाले आणि तेथील फैतोर मारला गेला. इंग्रजीत ‘फॅक्टरी’ हा शब्द परदेशातील व्यापारी ठाणे या अर्थाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला.

३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या नोकरांच्या ज्या पायऱ्या ठरविल्या, त्यांत हा शब्द स्पष्ट दिसतो. नवा आलेला तरुण प्रथम ‘रायटर’, म्हणजे कारकून, होई. काही वर्षांनी तो ‘फॅक्टर’ होई, नंतर कनिष्ठ व्यापारी आणि शेवटी ज्येष्ठ व्यापारी. कोलकात्याच्या ‘रायटर्स बिल्डिंग’ या नावात पहिली पायरी आजही टिकून आहे. दुसरी पायरी ‘फॅक्टरी’ या शब्दात टिकली, पण ओळखू न येण्याइतकी बदलून.

सुरतेची वखार कशी चाले

विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ हे जहाज १६०८ च्या ऑगस्टमध्ये सुरतेच्या किनाऱ्यास लागले. पोर्तुगीजांच्या विरोधामुळे तेव्हा इंग्रजांचा जम बसला नाही. १६१२ च्या अखेरीस थॉमस बेस्टने सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीज आरमारास दाद दिली नाही, त्यानंतर मोगल अधिकाऱ्यांशी बोलणी होऊन इंग्रजांस सुरतेत राहून व्यापार करण्याची परवानगी मिळाली. १६१२-१३ हे सुरतेच्या इंग्रज वखारीचे आरंभवर्ष मानतात. त्यामागोमाग वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार निघाली आणि १६६८ साली फ्रेंचांचीही.

वखारीची गरज कशामुळे पडली, हे समजले की तिचा अर्थ आपोआप उलगडतो. जहाजे वाऱ्यावर चालत. ती पावसाळा सरल्यावर येत आणि ठरावीक मुदतीत परतत. तापीचे मुख उथळ असल्याने मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीस नांगर टाकून उभी राहत. जहाज आल्यावर बाजारात माल शोधू लागावे, तर एकदम मागणी वाढून भाव चढत आणि जहाज भरण्यापूर्वी वारा फिरे. म्हणून कंपनीची माणसे वर्षभर येथेच राहत. भडोचचे बाफ्ते, सरखेजची नीळ, सुती कापडाचे नाना प्रकार ती हंगामाबाहेर स्वस्तात घेत, दलालांमार्फत विणकरांस आगाऊ रक्कम देत, माल तपासून गठ्ठे बांधत आणि जहाज येईपर्यंत साठवून ठेवत. राहणे, साठविणे आणि लिहिणे ही तीन कामे एका छपराखाली चालत. इमारत भाड्याची होती. एकत्र पंगत, एकत्र प्रार्थना आणि रात्री बंद होणारा दरवाजा, असे तिचे मठासारखे जीवन प्रवाशांनी वर्णिले आहे.

विणकाम मात्र या इमारतीत होत नसे. ते विणकरांच्या घरी, गावोगाव होत असे. तेव्हा सुरतेच्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर असे, की त्या फॅक्टरीत हिशेब तेवढे तयार होत.

आपल्या पूर्वजांनी या ठिकाणास ‘वखार’ म्हटले हे अत्यंत अचूक होते. इंग्रजांनी नाव दिले ते माणसावरून, म्हणजे फॅक्टरवरून. मराठी माणसाने नाव दिले ते कामावरून, म्हणजे माल साठविण्यावरून. वखार हा शब्द मराठी-गुजराती दोन्ही भाषांत धान्याच्या वा मालाच्या साठ्याच्या जागेसाठी आहे. सुरतेच्या त्या आजोबांची लाकडाची वखार आणि इंग्रजांची वखार यांत शब्दाचा काहीही फरक नाही. कोळशाची वखार, लाकडाची वखार, आणि शेतकऱ्यांच्या धान्यासाठीचे महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ, या सर्वांत तो एकाच अर्थाने नांदतो आहे. चारशे वर्षांत इंग्रजी शब्दाने घर बदलले, मराठी शब्दाने बदलले नाही.

सीमाभागातील वाचकांस हे दूरचे वाटू नये. आपल्या कारवारास १६३८ साली इंग्रजांच्या कोर्टीन संघाने वखार घातली होती. वेंगुर्ल्यास वलंदेजांची वखार होती. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास दारूगोळ्याची मदत केली, तेव्हा व्यापारी म्हणून आलेल्यांनी युद्धात भाग घेतला या कारणासाठी शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर चाल करून त्यांस कैदेत टाकले. १६७४ साली राज्याभिषेकास हेन्री ऑक्झेंडन रायगडी आला, तेव्हा तहाच्या बोलण्यांत राजापूरच्या वखारीची भरपाई हा एक प्रमुख विषय होता.

वखार आणि किल्ला यांतील अंतर

वखार हा निरुपद्रवी शब्द आहे. परंतु त्याच्या आडून काय काय येते, हे मराठी राज्यकर्त्यांनी लवकर ओळखले. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपून बसला, आणि वीरजी व्होरासारख्या धनाढ्य सावकाराची घरेदारे लुटली गेली. जॉर्ज ऑक्झेंडनने मात्र खलाशांसह आपली वखार शस्त्रे घेऊन राखली. त्याबद्दल मोगल दरबाराने इंग्रजांस जकातीत सवलत दिली. माल साठविण्याच्या जागेस तोफा असतात, हे त्या प्रसंगी सर्वांस दिसले. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत पुन्हा लुटली गेली. त्यापूर्वीच, १६६८ साली, इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीस दिले होते. १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले, कारण मुंबईत ती भाडेकरू म्हणून नव्हे तर मालक म्हणून तटबंदी उभारू शकत होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे बजावले आहे ते या पार्श्वभूमीवर वाचावे. इतर सावकारांसारखे हे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, व्यापाराबरोबर राज्य वाढविणे हाही यांचा हेतू आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणून वखारीस जागा द्यावयाची झाल्यास समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये, आत मोठ्या गावांच्या आसपास द्यावी आणि पक्की इमारत उभारू देऊ नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आम्हां वकिलांच्या भाषेत सांगावयाचे तर, परवाना कोणत्या वापरासाठी दिला आहे हे स्पष्ट लिहा, आणि वापर बदलू देऊ नका.

हा सल्ला किती रास्त होता, हे सुरतेनेच सिद्ध केले. १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला. भाड्याच्या वखारीत राहून माल साठवू म्हणणारे किल्लेदार झाले. आज कतारगाम भागातील इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंची भव्य थडगी उभी आहेत. वखारीतील फॅक्टरांची थडगी एवढी मोठी का, असा प्रश्न तेथे जाणाऱ्यास पडल्यावाचून राहत नाही.

वखारीची फॅक्टरी कशी झाली

आता इंग्रजी शब्दाने घर कसे बदलले ते पाहू. इंग्रजीत ‘मॅन्युफॅक्चर’ हा शब्दही त्याच ‘फाकेरे’ धातूचा. ‘मनु’ म्हणजे हात. म्हणून हाताने घडविलेले ते मॅन्युफॅक्चर. वस्तू घडविण्याच्या जागेस सतराव्या शतकात ‘मॅन्युफॅक्टरी’ म्हणू लागले. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘फाक्तोरियुम’ हा तेलघाण्याचा शब्दही होता. एकीकडे व्यापारी ठाण्याची फॅक्टरी आणि दुसरीकडे घडविण्याची मॅन्युफॅक्टरी असे दोन शब्द शेजारी नांदू लागले, आणि लांब शब्दाचा भार आखूड शब्दावर हळूहळू पडत गेला.

निर्णायक धक्का यंत्रांनी दिला. १७७१ साली रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी काढली. तिला प्रथम ‘मिल’ म्हटले गेले, कारण पाणचक्कीवर धान्य दळले जाई त्याच चक्राने आता सूत काढले जात होते. मराठीतही पिठाची गिरणी आणि कापडाची गिरणी एकच आहे, त्यामुळे हा अर्थविस्तार आपणांस परका वाटत नाही. परंतु जेथे शेकडो माणसे एका छपराखाली घंटेच्या ठोक्यावर काम करतात, अशा नव्या प्रकारास सर्वसाधारण नाव हवे होते. ते ‘फॅक्टरी’ने पुरविले. १८१९ आणि १८३३ च्या इंग्लंडमधील कायद्यांनी ते पक्के केले. ज्या शतकात कंपनीच्या वखारी संपत आल्या, त्याच शतकात तिच्या वखारीचे नाव लँकेशायरच्या गिरण्यांनी घेतले. सुरतेच्या विणकरांचे कापड साठविणाऱ्या जागेचे नाव, सुरतेच्या विणकरांचा धंदा बुडविणाऱ्या जागेस मिळाले.

जुना अर्थ मात्र काही कोपऱ्यांत शिल्लक राहिला. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी ‘यॉर्क फॅक्टरी’ या नावाचे ठिकाण आहे. ते फरच्या व्यापाराचे ठाणे होते. स्कॉटलंडमध्ये जमीनदारीच्या कारभाऱ्यास आजही ‘फॅक्टर’ म्हणतात. आपल्याकडे बंगाल-बिहारात ‘कोठी’ या शब्दाने अगदी इंग्रजी शब्दासारखाच प्रवास केला. प्रथम ती व्यापाऱ्याची कोठी होती. पुढे ‘नीलकोठी’ म्हणजे नीळ प्रत्यक्ष काढण्याची जागा झाली. १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले ते या नीलकोठ्यांच्या मालकांविरुद्धची शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यास.

कारखान्यात काय असे?

येथे कोणी म्हणेल, की मराठीने फॅक्टरीस ‘कारखाना’ हा शब्द दिला आणि प्रश्न मिटला. पण कारखान्याचीही स्वतःची बखर आहे. फारसीत ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे घर. शिवकालीन राज्यव्यवस्थेत ‘अठरा कारखाने, बारा महाल’ असे खाते-विभाग सांगितले जातात. त्या कारखान्यांत पीलखाना, म्हणजे हत्तींची जागा, होता. अंबरखाना, म्हणजे धान्यकोठार, होता. जामदारखाना, तोफखाना, दारूखाना होते. यांपैकी काही ठिकाणी वस्तू तयार होत, पण अनेक ठिकाणी केवळ साठविल्या व सांभाळल्या जात. गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या बरोबरीचा तिसरा अधिकारी कारखानीस. गडाचा दाणागोटा आणि सामग्री त्याच्या हवाली असे. आज कारखानीस आडनावाच्या माणसास कोणी विचारले, की तुमचा कारखाना कोठे आहे, तर तो हसेल. पण त्याच्या पूर्वजांकडे खरोखर कोठार होते.

महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले आहेत, आणि त्याच्या एका वर्गाचे नाव ‘कार्यस्थानवर्ग’ असे आहे. कार-खाना आणि कार्य-स्थान ही जोडी किती नेटकी आहे, हे सांगावयास नको. आपल्या राज्यकर्त्यांनी शब्दाच्या अर्थाची काळजी राज्यकारभाराचा भाग मानली होती.

तेव्हा हिशेब असा. इंग्रजी फॅक्टरी व्यापारी ठाण्यातून घडविण्याच्या जागेत आली. मराठी कारखाना राज्याच्या खात्यातून आणि कोठारातून घडविण्याच्या जागेत आला. दोघे वेगळ्या वाटांनी येऊन एकाच दारात भेटले. पण इंग्रजीने जाताना आपली जुनी वस्तू बेवारस सोडली. मराठीकडे त्या वस्तूसाठी ‘वखार’ हा वेगळा शब्द पूर्वीपासून आहे. म्हणून मराठी माध्यमातील मुलास जो गोंधळ होण्याचे कारण नाही, तो इंग्रजी पुस्तक वाचणाऱ्या मुलास होतो.

पंधरा दिवस की सहा महिने

हा सगळा शब्दांचा खेळ आहे, असे कोणास वाटत असेल तर आमच्या व्यवसायातील एक अनुभव सांगतो. सीमाभागातील एका न्यायालयात आम्ही एका वृद्ध जागामालकिणीच्या वतीने उभे होतो. त्यांच्या सासऱ्यांनी जागा भाड्याने दिली होती. भाडेचिठ्ठी मराठीत होती आणि तीत जागा ‘लाकडाच्या वखारीसाठी’ दिली असे लिहिले होते. तेथे लाकूड चिरले जात नसे, केवळ साठवून विकले जाई. प्रकरणासाठी चिठ्ठीचे भाषांतर झाले. भाषांतरकाराने, बहुधा इतिहासाच्या पुस्तकातील इंग्रजांची वखार आठवून, तेथे ‘फॅक्टरी’ असे लिहिले.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०६ असे सांगते की, करार किंवा स्थानिक कायदा अन्यथा सांगत नसेल तर, शेती किंवा वस्तुनिर्मितीसाठी दिलेला पट्टा वर्षावर्षाचा मानावा आणि तो संपविण्यास सहा महिन्यांची नोटीस द्यावी. इतर हेतूंसाठी दिलेला पट्टा महिन्यामहिन्याचा मानावा आणि त्यास पंधरा दिवसांची नोटीस पुरे. आम्ही पंधरा दिवसांची नोटीस दिली होती. विरुद्ध बाजूने भाषांतर पुढे करून म्हटले, जागा फॅक्टरीसाठी आहे, म्हणजे निर्मितीसाठी आहे, म्हणून नोटीस बेकायदा. मूळ मराठी चिठ्ठी पुढे ठेवून, वखार म्हणजे काय हे साक्षीदारांच्या तोंडून सिद्ध करीपर्यंत कित्येक तारखा गेल्या. त्या बाईंनी तेवढ्या वेळा गावाहून येणे-जाणे केले. त्यांस कोणत्याही कायद्याचे कलम ठाऊक नव्हते. वखार आणि कारखाना यांतला फरक मात्र त्यांस लहानपणापासून ठाऊक होता. तो कोणीतरी त्यांना विचारावयास हवा होता.

सीमाभागातील आपली जुनी खरेदीखते, भाडेचिठ्ठ्या, वाटणीपत्रे मराठीत, काही मोडीत आहेत. ती दुसऱ्या भाषेतून न्यायाधीशांसमोर जातात. मध्ये कोठे एक शब्द निसटला, तर त्याचे मोल ज्याचा कागद त्याला मोजावे लागते.

सुरतेच्या संचाखात्यात

सुरतेकडे परत जाऊ. ज्या मराठी माणसांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्यांचे आयुष्य मागांवर गेले. सुरतेत मागांच्या शेडला ‘संचाखाते’ म्हणतात. संचा म्हणजे यंत्र. आता हे संचाखाते कायद्याच्या दृष्टीने फॅक्टरी आहे की नाही, यावर त्यांचे बरेच काही अवलंबून असते.

भारतातील पहिला कारखाना अधिनियम १८८१ चा. त्यात यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या जागेस फॅक्टरी म्हटले होते. १८९१ मध्ये तो आकडा पन्नासावर आणि १९२२ मध्ये विसावर आला. १९४८ च्या अधिनियमाने शक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि शक्तीविना चालणाऱ्या ठिकाणी वीस अशी मर्यादा घातली. आठवड्यास अठ्ठेचाळीस तास, जादा कामास दुप्पट मजुरी, वर्षाची पगारी रजा, हे सारे त्या व्याख्येत बसणाऱ्यास मिळते. २०२० च्या नव्या संहितेत या मर्यादा अनुक्रमे वीस आणि चाळीस अशा वाढविल्या आहेत. म्हणजे यंत्रे तीच, माणसे तीच, आणि काल जी फॅक्टरी होती ती आज शब्दातून बाहेर पडली. एकच शेड कागदावर दोन-तीन नावांत विभागली की मर्यादा गाठलीच जात नाही, हे मागवाल्यांस आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

गंमत अशी, की जी जागा फॅक्टरी ठरत नाही ती दुकाने-आस्थापनांच्या कायद्याकडे जाते, आणि त्या कायद्यास गुजरातेत लोक ‘गुमास्ताधारा’ म्हणतात. महाराष्ट्रातही दुकानाचा परवाना ‘गुमास्ता’ या नावानेच ओळखला जातो. चारशे वर्षांपूर्वी सुरतेत फॅक्टर म्हणजे गुमास्ता आणि त्याचे घर म्हणजे फॅक्टरी होते. आज त्याच सुरतेत कामगारास विचारले जाते, की तू फॅक्टरीतला की गुमास्त्यातला? एकाच शब्दाची दोन टोके आता एकमेकांस ओळखत नाहीत.

कायद्याच्या पुस्तकात मात्र दोघे अजून शेजारी आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ मध्ये, येणे वसूल होईपर्यंत ताब्यातील माल अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क ज्यांस दिला आहे, त्यांत बँकर, उच्च न्यायालयाचे अटर्नी इत्यादींबरोबर ‘फॅक्टर’ही आहे, आणि त्याला लागूनच धक्क्यावरचा वखारवालाही आहे. उलट १९४८ च्या कारखाना अधिनियमातील निर्मितीच्या व्याख्येत शीतगृहात माल साठविणे हेही १९७६ च्या दुरुस्तीने घातले गेले. म्हणजे बर्फाच्या वखारीस कायद्याने पुन्हा फॅक्टरी केले. शब्द कधीकधी जुन्या घरी असे परत येतात.

शेवटी

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा उंबरगाव तालुक्यातील आणि नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली, डांगही गेला. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर तर दोन राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते. बेळगाव, निपाणी, कारवार येथील आपली गोष्ट निराळी सांगण्याची गरज नाही. हद्द एका बाजूस गेली आणि भाषा दुसऱ्या बाजूस, असे जेथे जेथे झाले तेथे पहिले नुकसान मोठ्या साहित्याचे होत नाही. ते वखारीसारख्या कामाच्या शब्दांचे होते. कविता पाठ्यपुस्तकातून गेली तर सभा भरतात. वखार गेली तर कोणास कळतही नाही.

राज्यघटनेचे कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि त्या टिकाव्यात म्हणून तेथील मराठी माणूस धडपडतो आहे. आम्हांस त्या शाळांचे मोल एका लहान गोष्टीत दिसते. तेथे शिकणारे मूल इंग्रजांच्या वखारीत काय तयार होत असे, असे विचारणार नाही. वखारीत माल तयार होत नाही, साठतो, हे त्या शब्दानेच त्यास आधी सांगितलेले असते.

त्या संध्याकाळी आम्ही मुलास एवढेच समजावले, की ती फॅक्टरी म्हणजे परदेशी गुमास्त्यांचे गोदाम होते. त्याने थोडा विचार करून विचारले, “म्हणजे आजोबा बरोबर सांगत होते?” आम्ही म्हटले, “हो. शंभर टक्के.” आजोबांनी काही न बोलता चहाचा पेला उचलला. पण दुसऱ्या दिवशी स्थानकावर निरोप देताना ते नातवास रेल्वेमार्गाकडेची प्रत्येक लाकडाची वखार बोटाने दाखवीत होते.